एलएलबीचे मार्क आणि पुढची वकिली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला की आठवडाभर माझा फोन वाजत राहतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी सोळा वर्षं वकिली करते आणि अधूनमधून लॉ कॉलेजात मूट कोर्टला, म्हणजे सरावाच्या खटल्याला, जज म्हणून बसते. त्यामुळे बऱ्याच विद्यार्थ्यांकडे माझा नंबर आहे. प्रश्न ठरलेले असतात, आणि विचारताना आवाज पडलेला असतो. म्हणून एकदाची उत्तरं लिहूनच काढली. माझं विचाराल तर एलएलबीला ५६ टक्के, आणि कंपनी कायद्यात एक केटी, म्हणजे नापास होऊन पुन्हा दिलेला विषय.

कोर्टात कागद आला की आम्ही दोन गोष्टी बघतो. तो दाखल होऊ शकतो का, आणि झालाच तर त्याचं वजन किती. मार्कशीटही कागदच आहे. तिच्याकडेही तसंच बघा.

मला ५१ टक्के आहेत. सनद मिळेल का?

मिळेल. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २४ मध्ये सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, अटी आहेत: भारताचं नागरिकत्व, वय २१ पूर्ण, मान्यताप्राप्त कायद्याची पदवी, आणि ठरलेली फी. टक्केवारीचा उल्लेख नाही. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल तुमची पदवी बघते, क्लास बघत नाही. फीवरून पूर्वी बरीच कुरकुर होती. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिली आहे त्यापेक्षा जास्त रक्कम घेता येणार नाही. खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५.

त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम; ती पास होईपर्यंत सनद तात्पुरती असते. शंभर प्रश्न, साडेतीन तास, चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, मराठीतूनही देता येते. पास व्हायला खुल्या आणि ओबीसी उमेदवारांना ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. टिपणं न काढलेला बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर असलेलं पुस्तक, सोबत नेता येतो. आणि इथेच गंमत होते. वर्षभर गाईड वाचून पास झालेल्यांना कलम कुठल्या पानावर आहे ते सापडत नाही. नुसता बेअर ॲक्ट चाळायची सवय असलेला पन्नास टक्केवाला मात्र निवांत असतो.

मग मार्क विचारतात तरी कुठे?

विचारतात. कुणीच विचारत नाही असं सांगणारे बहुतेक वेळा तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत असतात.

मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म विचारतात. त्यांच्याकडे ढीगभर अर्ज येतात आणि प्रत्येक अर्ज वाचायला माणूस नसतो. सीजीपीएची, म्हणजे सरासरी गुणांची, चाळणी लावली की काम हलकं होतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कॅम्पसवर ही चाळणी उघड असते, बाकीच्या कॉलेजांना ती कळतही नाही, कारण अर्जाला उत्तरच येत नाही. अशा फर्ममध्ये जायचं पक्कं असेल तर पहिल्या वर्षापासून मार्क सांभाळा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र तिथेही इंटर्नशिप करून, महिनाभर नेटकं काम करून आत गेलेले लोक मी पाहिलेत.

एलएलएमला विचारतात. क्लॅट पीजी या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या एलएलएम प्रवेश परीक्षेला बसायला एलएलबीला ५० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४५. शिकवायचं असेल तर नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेसाठी एलएलएमला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५०. म्हणजे प्राध्यापक व्हायचं असेल तर खरी कसोटी एलएलएमची.

बाकीच्या मोठ्या पायऱ्यांना ज्याची त्याची परीक्षा आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, करून द्यायची असते, आणि ती भल्याभल्यांना घाम फोडते. सर्वोच्च न्यायालयातल्या ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डसाठी (तिथे प्रकरण दाखल करू शकणारा वकील) चार वर्षं वकिली, मग एक वर्षाचं प्रशिक्षण, मग चार पेपर. त्यात प्रत्येक पेपरला ५० आणि एकूण ६० टक्के. एलएलबीच्या दुसऱ्या सेमिस्टरला किती पडले होते, हे तिथे कुणी काढत बसत नाही.

आणि जिल्हा न्यायालय, तालुका न्यायालय? सोळा वर्षांत एकाही पक्षकाराने मला टक्के विचारलेले नाहीत. ‘मॅडम, तारखेला तुम्ही स्वतः येणार ना?’ एवढंच विचारतात.

केटी लागली की जज होता येत नाही, हे खरं आहे का?

अर्धं खरं होतं. ते कुठून आलं ते नीट समजून घ्या, कारण या एका अफवेने कितीतरी मुलांनी अभ्यास सोडलेला मी पाहिला आहे.

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजेच जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी), ही परीक्षा एमपीएससी घेते. २००८ च्या महाराष्ट्र न्यायिक सेवा नियमांत मुख्य दोन वाटा होत्या. तीन वर्षं वकिली केलेल्यांची एक. दुसरी ताज्या पदवीधरांची, आणि तिच्यावर अट होती की सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास आणि शेवटच्या वर्षाला किमान ५५ टक्के. केटी आडवी यायची ती फक्त या दुसऱ्या वाटेवर. वकिली करून येणाऱ्यांना ती कधीच आडवी आली नाही. पण कट्ट्यावर नियमाचा अर्धाच भाग पोचला.

मग २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षांची वकिली हवी. ती तात्पुरती सनद मिळाल्या दिवसापासून धरायची, आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही त्यात मोजायचं. म्हणजे ताज्या पदवीधरांची वाटच बंद झाली, आणि तिच्यासोबत केटीची भीतीही. अर्थात अशा बाबतीत नियम बदलत राहतात, तेव्हा फॉर्म भरताना त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाचा. माझ्यावरही विसंबू नका.

परीक्षेचं गणित असं की पूर्वपरीक्षा १०० मार्कांची, ती फक्त चाळणी. मुख्य परीक्षा २०० ची, मुलाखत ५० ची. एलएलबीचा एकही मार्क या बेरजेत येत नाही.

मी ३०२, ४२०, ४३८ सगळं पाठ करून पंचाहत्तर मार्क मिळवले. आता कलमंच बदलली. फुकट गेलं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये. अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२. त्या दिवशी आमच्या बार रूममध्ये तीस-तीस वर्षं वकिली केलेले सिनियर तक्ते छापून टेबलाच्या काचेखाली सरकवत होते. पाठांतराच्या बाबतीत ते आणि पहिल्या वर्षाचा पोरगा एका रात्रीत एका रांगेत आले.

पण खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक ज्याने समजून घेतला होता, त्याला नवा आकडा शिकायला दोन दिवस लागले. ज्याने फक्त आकडा शिकला होता त्याचे पंचाहत्तर मार्क विरून गेले. दोघांच्या मार्कशीटवर आकडा तोच. कुठला अभ्यास कुठला, हे मार्कशीट सांगू शकत नाही. आणि फुकट तर अजिबात गेलं नाही: गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर आजही जुनी दंड संहिताच लागते, आणि असे खटले अजून कितीतरी वर्षं चालतील.

सिनियर वकील ज्युनियर घेताना मार्कशीट बघतात का?

मी तरी बघत नाही. काय बघते ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी दोन मुलं एकाच आठवड्यात आली. एकाला ७२ टक्के, दुसरीला ५४. दोघांना एकच फाईल दिली. दोन भावांचं बांधाचं भांडण. दाव्याची नक्कल, सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा. काम एवढंच की निशाणी ५ च्या अर्जावर मला उद्या दहा मिनिटं बोलायचंय, मुद्दे काढून द्या.

(अजून कोर्टात पाय ठेवला नसेल त्यांच्यासाठी: दावा ही निशाणी १, आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक ठिकाणी निशाणी ५. पक्षकारालाही ‘पाचचा अर्ज’ म्हटलं की कळतं.)

मुलाने दीड पान सुंदर लिहून आणलं. प्रथमदर्शनी केस, सोयीचा समतोल, भरून न निघणारं नुकसान, तिन्ही कसोट्या, प्रत्येकीखाली निवाडे. परीक्षेत दहापैकी आठ नक्की. मुलीने अर्धं पान आणलं, त्यावर फक्त तारखा आणि नावं होती. वाटणी कधीची, फेरफार कधी मंजूर झाला, मोजणी त्याच्या आधीची की नंतरची, इतर हक्काच्या रकान्यात बहिणीचं नाव आहे आणि दाव्यात तिला पक्षकार केलेलं नाही. शेवटची ओळ तिने अधोरेखित केली होती.

आम्ही प्रतिवादीकडून होतो. दुसऱ्या दिवशी मी बहिणीच्या मुद्द्यापासूनच सुरुवात केली.

मी दोघांनाही ठेवून घेतलं, हेही सांगायला हवं. मुलाकडे कायदा होता, तिच्याकडे डोळे होते. मुलाला सातबारा वाचायला शिकवायला मला तीन महिने लागले, तिला निवाडे शोधायला शिकवायला जवळपास तेवढेच. पण तिच्या ५४ टक्क्यांमुळे तिला इतर दोन ऑफिसांतून आधीच परत पाठवलं होतं, म्हणजे मार्कशीट बघणारे सिनियरही आहेत. असे भेटले तर वाईट वाटून घ्या, पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या ऑफिसला जा.

मी कॉलेजात पहिली आले. तरी कोर्टात गेल्यावर काहीच येत नाही असं वाटतं.

सगळ्यांना वाटतं. मला ड्राफ्टिंग-प्लीडिंगच्या पेपरला ८१ होते, माझ्या मार्कशीटवरचा सगळ्यात मोठा आकडा. सिनियरनी पहिल्यांदा वकीलपत्र दाखल करायला पाठवलं. टेबलापलीकडच्या बाईंनी ते उलटसुलट करून परत दिलं. वेल्फेअरचं, म्हणजे वकील कल्याण निधीचं, तिकीट लावलेलं नव्हतं, आणि पक्षकाराची सही होती पण माझी ‘स्वीकारले’ची सही राहिली होती. मागे रांग. माझ्या मागच्या वयस्कर कारकुनांनी खिशातून तिकीट काढून दिलं आणि म्हणाले, ‘पोरी, सही कर आधी.’ कानाच्या पाळ्या गरम झालेल्या अजून आठवतात.

वकिलांचे कारकून, शिरस्तेदार, पट्टेवाले, बेलीफ यांच्याकडून जे शिकायला मिळतं त्याचा पेपर कुठल्याही विद्यापीठात नाही. नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) कसं वाचायचं, पुकारा झाला आणि सिनियर दुसऱ्या कोर्टात असतील तर काय बोलायचं. टॉपर असाल तर एकच जास्तीची अडचण: विचारायची लाज वाटते. ती लवकर सोडलीत तर सहा महिन्यांत रुळाल.

माझं शिक्षण मराठीतून झालं. इंग्रजीमुळे मार्क कमी पडतात. वकिली जमेल का?

तालुक्याला आणि जिल्ह्याला येणार असाल तर उलट तुमचाच हात वर आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने उच्च न्यायालयाखालच्या दिवाणी-फौजदारी न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. दावा, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं उत्तर), सरतपासणीचं शपथपत्र हे सगळं आमच्याकडे मराठीत चालतं. इंग्रजीत बहात्तर मार्क घेतलेल्या मुलांना ‘सदर मिळकतीच्या चतुःसीमा खालीलप्रमाणे’ याच्यापुढे लिहिता येत नाही, हे मी रोज बघते. आणि उलटतपासणीत साक्षीदार ‘मी तवा तितं नव्हतो, पर मला सांगितलं’ म्हणाला की ‘पर’च्या मागे काय आहे ते पकडायला कान त्याच मातीतले लागतात.

पण इंग्रजी सोडून देऊ नका. निवाडे इंग्रजीत येतात, उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. रोज एक निवाडा वाचा, आणि त्यातल्या घटना मराठीत दहा ओळींत लिहा. दोन्ही भाषा एकदम सुधारतात. मी अजूनही करते, फक्त रोज होत नाही.

कॉलेज बुडवून कोर्टात बसू का? शेवटी कामाला तेच येणार ना?

नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे. ‘मार्कांना काय अर्थ’ हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकते, त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक उघडलेलं नसतं. माझं म्हणणं त्यांच्या सोयीचं नाही. कराराचा कायदा, पुरावा आणि दिवाणी प्रक्रिया संहिता हे तीन विषय नीट झाले नाहीत तर पुढे पक्षकाराचं नुकसान होतं, तुमच्या मार्कशीटचं नव्हे.

कोर्टासाठी नियमांतच जागा आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २०. बरीच मुलं ओळखीच्या वकिलाकडून सर्टिफिकेट आणून हे आठवडे कागदावरच पूर्ण करतात. केटीपेक्षा हे मला जास्त खटकतं. केटी सुटते.

रिव्हॅल्युएशन टाकू का?

नापास झाला असाल आणि पेपर चांगला गेल्याची खात्री असेल तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, मग ठरवा. एखादं उत्तर तपासायचंच राहिलेलं असू शकतं. ५८ चे ६१ व्हावेत म्हणून टाकणार असाल, तर कशासाठी हवेत ते आधी स्वतःला विचारा. एलएलएमची अट अडली असेल तर जरूर टाका. मावसभावाला ६० होते म्हणून टाकत असाल तर फीच्या पैशात नवा बेअर ॲक्ट घ्या.

परदेशात एलएलएम करायचंय, पण टक्के कमी दिसतात.

आपल्या विद्यापीठांत कायद्याचे मार्क हात आखडून दिले जातात, हे तिथल्या लोकांना माहीत असेलच असं नाही. वर्गात किंवा विद्यापीठात तुमचा क्रमांक वरचा असेल तर तसं पत्र प्राचार्यांकडून घ्या. ५९ टक्के आणि वर्गात चौथी, हे दोन्ही एकत्र वाचलं की अर्थ बदलतो.

बाबासाहेबांनाही मॅट्रिकला कमीच मार्क होते ना?

७५० पैकी २८२, साल १९०७. पण हा आकडा आपल्या केटीच्या समर्थनाला वापरू नका. ज्या मुलाला शाळेत वेगळं बसवलं, पाण्याला हात लावू दिला नाही, संस्कृत शिकू दिलं नाही, त्याच्या मार्कांवर त्या शाळेचं, त्या समाजाचं वळण उमटलेलं आहे. पुढे कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेत त्यांनी काय केलं ते जगजाहीर आहे. १९२३ ला ते मुंबईत वकिली करायला उभे राहिले तेव्हा एवढ्या पदव्या असूनही कामं सहज येत नव्हती. पदवी आणि पक्षकार यांच्यामध्ये बरंच काही असतं, हे शिकायचं असेल तर त्या वर्षांबद्दल वाचा.

मी पालक आहे. मुलाला ५३ टक्के पडलेत. याचं पुढे कसं व्हायचं?

काका, काकू, टक्क्यांपेक्षा पहिल्या तीन वर्षांच्या पैशांची काळजी करा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शिफारस केली की ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक ज्युनियरांच्या हाती त्याहून फार कमी पडतं. चांगल्या मार्कांची मुलं वकिली सोडतात ती याच काळात, आणि बहुतेक वेळा कारण घरभाडं असतं. त्याला दोन वर्षं राहायला-जेवायला घालता आलं तर ते ७० टक्क्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि जेवताना शेजारच्या इंजिनियरचा पगार काढू नका, एवढी विनंती.

निकालानंतर झोपच लागत नाही.

हे वाचत बसू नका. घरातल्या किंवा ओळखीतल्या एका माणसाला आजच सांगा. फोनवर अनोळखी माणसाशी बोलणं सोपं वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बाकीचे प्रश्न नंतर.

शेवटचं वर्ष आहे, सहा महिने उरलेत. आधी काय करू?

राहिलेली केटी आधी. तिच्याविना पदवी नाही, पदवीविना सनद नाही. मग तुमची वाट ज्या दारातून जाते तिथली टक्क्यांची अट बघा. ती पूर्ण होत असेल तर त्यापुढच्या प्रत्येक मार्कासाठी रात्र जागवू नका, त्या वेळात जवळच्या कोर्टात जाऊन एक दावा पहिल्या पानापासून वाचा. तात्पुरती सनद मिळाली की बार एक्झामसाठी दोन वर्षं असतात, तरी पहिल्याच वेळेला बसा. कामात अडकलं की ती राहून जाते.

आणि मार्कशीटचं काय करू? आई लॅमिनेट करून आणते म्हणाली.

लॅमिनेट करू देऊ नका. पुढे परदेशी पाठवायला किंवा साक्षांकनासाठी मूळ कागदावर शिक्का मारायची वेळ आली की प्लास्टिक आडवं येतं आणि काढताना शाई निघते. माझ्या मार्कशीटचा कोपरा तसाच गेला आहे, नेमका कंपनी कायद्याच्या ओळीवरचा.